पार्ल्यातलं छत्तीस हजारांचं घर स्वस्त का आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही सांगलीचे, लग्नाला चार महिने झालेत. तुमचं ऑफिस बांद्रा-कुर्ला संकुलात (बीकेसीत), मिसेसची नोकरी अंधेरीच्या हॉस्पिटलात आणि तीही पाळ्यांची, म्हणून राहायचं विलेपार्ले पूर्वेलाच. ४० हजारांच्या वर भाडं परवडत नाही. दोन घरं पाहून ठेवलीत. एक स्टेशनजवळचं वन आरके, डिपॉझिट १२ लाख आणि भाडं फक्त १० हजार. दुसरं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके, लिफ्ट नाही, भाडं ३६ हजार, डिपॉझिट दीड लाख. कोणतं घ्यावं आणि घेण्याआधी काय बघावं?

मी पार्ले-अंधेरी पट्ट्यात बावीस वर्षं घरं भाड्याने लावून देतोय, म्हणजे ज्याला लोक दलाल म्हणतात तो मीच. त्यामुळे पुढचं काही आमच्याच धंद्याच्या विरोधात जाईल, जाऊ दे.

पार्ल्यात लहान घर बाजारभावापेक्षा कमी भाड्यात मिळत असेल तर त्याला कारण असतं. मालक दयाळू आहे हे कारण मी बावीस वर्षांत दोनदा पाहिलं, आणि त्यातल्या एकदा मालक भाडेकरूचा मामा निघाला. तेव्हा घर बघायला गेलात की खिडक्या, फरशा, व्ह्यू हे सगळं नंतर. आधी एवढंच शोधायचं, की हे स्वस्त का आहे? काही कारणं अशी असतात की ती तुम्ही खुशाल अंगावर घ्यावीत, आणि काही अशी की जिन्यातूनच परत फिरावं.

आधी महाग का आहे ते सांगतो, म्हणजे तुमची स्पर्धा कोणाशी आहे ते कळेल. तुम्हाला वाटत असेल की बीकेसीतल्या पगारदारांमुळे भाडी वाढली. थोडीफार वाढलीही. पण खरी ओढाताण आहे ती पार्लेकरांशीच. इमारती पुनर्विकासाला गेल्यात. घर रिकामं करणाऱ्या कुटुंबाला बिल्डर दरमहा भाडं देतो, दलाली देतो, सामान हलवायचा खर्च देतो. या कुटुंबाची मुलं पार्ले टिळकमध्ये, आजोबा रोज संध्याकाळी लोकमान्य सेवा संघात, वाणी ठरलेला, डॉक्टर ठरलेला. त्यांना गल्लीसुद्धा सोडायची नसते. मालकाच्या नजरेने बघा: एकीकडे तीन वर्षं हलणार नाही असं चार पिढ्यांचं पार्लेकर कुटुंब, दुसरीकडे तुम्ही, जे अकरा महिन्यांनी पुण्याला बदली झाली म्हणून निघालात तर आश्चर्य नाही. तो कोणाला देईल?

यावर तुमच्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे लांब मुदत. अकरा महिन्यांच्या कराराला लोक कायदा समजतात, पण ती निव्वळ सवय आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी टाळायला देशभर अकरा महिने लिहायची पद्धत पडली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मग अकराचा फायदा काय उरला? दलालाला दरवर्षी पुन्हा दलाली मागता येते, हा उरला. तुम्ही सरळ ३३ महिन्यांचा प्रस्ताव ठेवा, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ आताच लिहून द्या. वाढीवरून दरवर्षी होणारी तोंडातोंडी वाचते म्हणून बरेच मालक इथेच नरम पडतात.

आता १२ लाखांचं वन आरके. याला आमच्याकडे हेवी डिपॉझिट म्हणतात. वरवर बघता झकास: भाडं नावापुरतं आणि पैसे शेवटी परत. पण कागद-पेन घ्या. तसल्या खोलीला पार्ल्यात साधारण ३० हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिट पडलं असतं असं धरू. म्हणजे तुम्ही ११ लाख जास्त देताय आणि त्या बदल्यात महिन्याला २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार वाचवताय. हा झाला जवळजवळ २२ टक्के व्याजाचा दर. घर तारण ठेवलं तर बँक याच्या निम्म्या दरात पैसे देते. मग हा माणूस तुम्हाला २२ टक्के का देतोय? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: बँक त्याला आता देत नाही. घरावर आधीच कर्ज आहे, हप्ते थकलेत किंवा धंद्यात खड्डा पडलाय. सगळे तसे नसतात. मुलीच्या लग्नासाठी किंवा दुसरं घर घेण्यासाठी एकरकमी पैसे हवे असणारे सरळ लोकही असतात. पण तुमचे १२ लाख बिनतारणाचे आहेत. हप्ते थकून बँकेने ताबा घेतला, तर तारणानंतर बँकेला न विचारता केलेला तुमचा करार ती जुमानणार नाही. तुम्ही मालकामागे फिरत बसाल, आणि त्याच्यामागे आधीच रांग असेल.

हे तपासायचा सगळ्यात सोपा रस्ता सोसायटीच्या ऑफिसातून जातो. गृहकर्ज देताना बँका सहसा सोसायटीला पत्र पाठवून बोजा नोंदवून घेतात. सेक्रेटरीला विचारा, "या फ्लॅटवर लीन आहे का?" तो कागद दाखवणार नाही कदाचित, पण चेहऱ्यावरून कळतं. शिवाय मालकाचं मेंटेनन्स थकलंय का, तेही तिथेच कळेल. ज्याचं वर्षभराचं मेंटेनन्स बाकी आहे त्याच्या हातात १२ लाख देऊ नका. आणि "दोन लाख करारात दाखवू, दहा वरून द्या" असं कोणी म्हणालं तर चहासुद्धा न घेता उठा. तुमच्या वयात १२ लाख म्हणजे बहुधा दोन्ही घरच्या आईवडिलांची साठवण. मी तुमच्या जागी असतो तर हे घर सोडलं असतं.

आणखी एक कारण वन आरकेच्या बाबतीत नेहमी निघतं, ते म्हणजे पागडी, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेलं जुनं, नाममात्र भाड्याचं घर. खोली जर पागडीची असेल तर तुम्हाला देणारा माणूस स्वतःच भाडेकरू आहे, आणि घरमालकाशी तसा करार असल्याशिवाय तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. भाडे नियंत्रण कायद्यात पोटभाडेकरू ठेवणं हे त्यालाच बाहेर काढायचं कारण ठरतं. त्यांच्या भांडणात तुमची बॅग जिन्यात येते. ओळखायचं कसं? शेअर सर्टिफिकेट, म्हणजे फ्लॅटमालक सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला, मागा. सोसायटी असेल तर ते असतं. पागडीवाला भाडेपावती दाखवतो.

आता ३६ हजारांच्या घराकडे वळू. पार्ले पूर्वेला धडक्या वन बीएचकेला सध्या ४५ च्या खाली मला सहज मिळत नाही. म्हणजे नऊ-दहा हजार कुठेतरी गेलेत. कुठे, ते शोधायचं.

लिफ्ट नाही, हे एक कारण झालं, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. विमानतळाशेजारच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे, इथे उंचीवर बंधन आहे. पुरती उंची मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं बिल्डर या इमारतींकडे फिरकत नव्हते. त्यामुळेच तळ अधिक तीन मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या, जाड भिंतींच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि तुमच्या ऐपतीची लहान घरं त्यांच्यातच आहेत. साठीच्या माणसाला तिसरा मजला नको असतो, तुम्हाला त्याचं काय? विमानांच्या आवाजाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात फोनवर बोलताना थांबावं लागतं, नंतर कान निर्ढावतात. फक्त मिसेसना रात्रपाळी करून दिवसा झोपावं लागणार असेल, तर एक दुपार त्या घरात तासभर बसून बघा. तुम्ही नव्हे, त्यांनी बसायचं.

दुसरं कारण पाणी. जुन्या इमारतीत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, ते खालच्या टाकीत, मग पंपाने वर. टाकी लहान असेल किंवा पंप धापा टाकत असेल तर तिसऱ्या मजल्यावर अर्धा तास नळ चालतो आणि संपतं. मालक "चोवीस तास पाणी" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बाथरूमच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी आहे असा असतो. ती टाकी तुमच्या घरात आहे का, तिला झाकण आहे का, वर चढून बघा. आणि शेजारच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना विचारा, पाणी किती वाजता येतं. त्या खरं सांगतील, कारण त्यांनाही ते कोणाला तरी सांगायचंच असतं.

तिसरं कारण गळती, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. मे महिन्यात नेहरू रोडच्या आतल्या एका इमारतीत वरच्या मजल्याचं घर दाखवत होतो. घरभर ताज्या रंगाचा वास. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. त्या बाईंच्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी बेडरूममधला माळा उघडायला सांगितला. माळ्याच्या आतल्या भिंतीला रंगाऱ्याने हात लावलेला नव्हता. तिथे छताखाली तपकिरी कडा असलेला, परातीएवढा डाग होता, आणि त्याच्यावर बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी हाताला आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ते बोट मला दाखवलं. तेव्हापासून मी कोणत्याही घरात आधी माळा उघडतो. रंगारी बाहेरच्या भिंती लपवतो, माळा विसरतो. कपाटामागची भिंत, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत आणि खिडकीच्या वरचा कोपरा या तीन जागी अंगठा दाबून बघा. प्लास्टर पोकळ वाजलं तर जुलैत बादल्या लावायची तयारी ठेवा. गच्चीवर जाऊन या. वर पत्रे घातले असतील तर गळती होती आणि सोसायटीने काहीतरी केलं. पत्रेही नाहीत आणि डांबराची ठिगळं दिसतायत, तर गळती आहे आणि सोसायटी भांडतेय.

चौथं कारण मात्र पार्ल्यात सगळ्यात मोठं, पुनर्विकास. तुमच्या इमारतीला हे लागू असेल असं माझं मन सांगतं. लिफ्ट नाही, दीड लाखच डिपॉझिट आणि भाडं कमी, हा नमुना ओळखीचा आहे. शोध घ्यायला वकील नको, जिन्याखालचा नोटीस बोर्ड वाचा. मी गिऱ्हाइकांना वर नेण्याआधी दोन मिनिटं तिथेच उभा असतो. "विशेष सर्वसाधारण सभा", "आर्किटेक्टची नेमणूक", "फीजिबिलिटी रिपोर्ट" असे शब्द दिसले तर गाडी नुकती सुटलीय. तिथून घर रिकामं करायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, मतभेद असतील तर बरीच जास्त. अशा घरावर मालक आता एक पैसा खर्च करणार नाही आणि त्याला भांडकुदळ भाडेकरूही नको असतो, म्हणून तो कमी भाड्याला देतो. हे कारण तुमच्यासाठी चांगलं आहे. पण "विकास करारनामा नोंदणीकृत झाला" किंवा "जागा रिकामी करण्याबाबत" अशी नोटीस असेल तर सोडून द्या. बिल्डर जे भाडं आणि पुढे नवं घर देईल ते मालकाला. लायसन्सवर राहणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही, सामान हलवायचा टेंपोसुद्धा नाही. म्हणून करारात एक ओळ घालून घ्या: पुनर्विकासामुळे मुदतीआधी घर सोडावं लागलं तर तीन महिन्यांची पूर्वसूचना आणि उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात दलाली परत. दलालीचं ऐकून तुमचा एजंट मोठ्याने हसेल. हसू दे, निम्म्यावर तयार होतो.

लॉक-इनची ओळही नीट वाचा. "पहिले सहा महिने लायसन्सी घर सोडू शकणार नाही" एवढंच बहुतेक मसुद्यांत असतं. मालक मात्र दुसऱ्या महिन्यातही नोटीस देऊ शकतो! लॉक-इन दोघांनाही बांधील आहे असं लिहून घ्या.

नोंदणीच्या खर्चाचंही कोडं करून ठेवलंय. मुद्रांक शुल्क आहे एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, मुदत पाच वर्षांपर्यंत कितीही असो. एकूण रक्कम म्हणजे सगळ्या महिन्यांचं भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. तुमच्या घराचं अकरा महिन्यांचं गणित: भाडं ३,९६,०००, दीड लाखावरचं व्याज १३,७५०, बेरीज ४,०९,७५०, त्याचे पाव टक्के म्हणजे सुमारे १,०२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे सरकारला दोन हजारांच्या आसपास. घरी येऊन अंगठा घेणारा माणूस पाच-सात हजार सांगतो, त्यातलं बाकीचं त्याची मजुरी. मजुरी द्यावी, पण सरकारी पावत्या वेगळ्या मागून घ्याव्यात. नोटरीच्या शिक्क्याचा कागद कोणी पुढे केला तर तो नोंदलेला करार नव्हे. नोंदणी करायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षाही लिहिलेली आहे, हे हळूच सांगितलं तरी पुरतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मुदत संपली आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट भरावं लागतं. "दोन महिने ओढू या" हे इथे चालत नाही.

व्हॉट्सअॅपवर फिरतं की आता दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा आहे. तो प्रत्येक राज्याने स्वतः स्वीकारावा लागतो, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. ३६ हजार भाड्याला दीड लाख म्हणजे चार महिन्यांहून थोडंसंच जास्त. पार्ल्यात ते रास्त आहे.

सोसायटीवाले "एनओसी लागेल, मुलाखत होईल" म्हणतील. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. भोगवटा नसल्याचं, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे, आणि ते मालकाने भरायचं. तरी मुलाखतीला जा, चहा घ्या, हुज्जत घालू नका. तुम्हाला तिथे राहायचंय. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे. ती ऑनलाइन जाते, प्रत मागून ठेवा.

खाण्याचा मुद्दा. सांगलीचे आहात, रविवारी रस्सा असणारच. इथे काही इमारतींत मांसाहार चालत नाही, कोणी तोंडावर सांगतं, कोणी "आमच्याकडे फॅमिली वातावरण आहे" म्हणतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईंना ऑफिसची जागा नाकारल्यावर केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. चूक ते चूकच. पण भाड्याच्या घरात तत्त्वासाठी तीन वर्षं भांडायची उमेद तुमच्यात आहे का, ते तुम्ही ठरवा. मी गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर विचारून घेतो आणि तसंच मालकाला सांगतो. लपवून आत गेलेलं जोडपं कुकरची शिट्टी झाली की खिडक्या लावताना मी पाहिलंय.

आमच्या धंद्यातली एक खोड सांगून टाकतो. एजंट तीन घरं दाखवतो: पहिलं अंधारं, दुसरं तुमच्या बजेटच्या दहा हजार वर, तिसरं जे त्याला खपवायचंय ते. तिसरं बघून "हे बरं आहे" असं तुमच्याच तोंडून निघतं. त्या दिवशी टोकन देऊ नका. आणि न बघितलेल्या घरासाठी "मी सैन्यात आहे, बाहेर पोस्टिंग आहे, गेट पाससाठी पैसे पाठवा" म्हणणारा माणूस ठग असतो, दरवेळी. दलाली एक महिन्याचं भाडं, तीही करार नोंदल्यावर.

डिपॉझिट परत मिळण्यावरून जेवढी भांडणं मी मिटवलीत तेवढी भाड्यावरून नाहीत. रंगकाम, तुटलेला नळ, "गिझर नवा होता" अशा नावांनी पंधरा-वीस हजार कापले जातात. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, सिंकखालचा पाइप आणि माळ्याची आतली बाजूसुद्धा, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. करारात लिहून घ्या: किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, नेहमीची झीज कापायची नाही. भाडं बँकेतूनच द्या. जुन्या करप्रणालीत असाल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन लागेल, कारण वर्षाचं भाडं लाखाच्या वर जातंय. पॅन द्यायला कां-कूं करणारा मालक असेल तर तेही आताच कळलेलं बरं.

तर ३६ हजारांचंच घर, पण लगेच हो म्हणू नका. येत्या रविवारी सकाळी पाण्याच्या वेळेला, भाजीची भरलेली पिशवी हातात घेऊन दोघं तीन मजले चढून जा. आधी बोर्ड, मग काकू, मग माळा. बोर्डवर काय लिहिलंय त्याचा फोटो मला पाठवलात तर पुढचं लगेच सांगेन.